यंत्राचा हात आणि रुग्णाचा हक्क

मोठ्या शहरांतील खाजगी रुग्णालयांच्या फलकांवर आणि वृत्तपत्रांतील जाहिरातींत गेली काही वर्षे एक शब्द ठळकपणे झळकतो आहे : रोबोटिक शस्त्रक्रिया. प्रोस्टेट ग्रंथीचा, म्हणजे पुरुषाच्या मूत्राशयाखाली असलेल्या पुरःस्थ ग्रंथीचा, कर्करोग झाल्याचे निदान ज्याच्या हाती पडले आहे तो साठी-पासष्टीचा माणूस आधीच खचलेला असतो. 'रोबोट' या शब्दात त्याला अचूकतेची, आधुनिकतेची आणि जणू मृत्यूवरील विजयाची हमी ऐकू येते. त्याच्या मुलांनाही ती ऐकू येते. वडिलांसाठी उत्तम तेच करायचे या निश्चयाने ती मुले भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढतात, शेताचा तुकडा गहाण टाकतात, सावकाराच्या किंवा पतपेढीच्या दारात उभी राहतात. ही हमी खरोखर कोणी दिलेली असते काय? दिली असेल तर कोणत्या पुराव्यावर? आणि तिचे मोल अखेर कोणाच्या तिजोरीत जमा होते? संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी या तीन प्रश्नांची उत्तरे मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. ती त्याला मिळत नाहीत, आणि ती मिळू नयेत यातच बाजाराचा लाभ आहे.

येथे एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. समाजवादी विचार हा यंत्राचा वैरी नाही. माणसाचे कष्ट आणि वेदना कमी करणारे प्रत्येक यंत्र स्वागतार्हच आहे. परंतु यंत्र कोणाच्या मालकीचे, ते कोणासाठी चालते, त्याविषयीचे ज्ञान कोणाच्या ताब्यात आहे, हे प्रश्न बाजूला सारून यंत्राची आरती ओवाळणे म्हणजे विज्ञाननिष्ठा नव्हे. ती नवी अंधश्रद्धा होय.

नाव रोबोटचे, काम माणसाचे

पहिला गैरसमज नावातूनच निर्माण होतो. हा 'रोबोट' स्वतः काहीही करीत नाही. तो रोग ओळखत नाही, निर्णय घेत नाही, स्वतःहून एक टाकाही घालीत नाही. रुग्णाच्या पोटावर लहान छिद्रे पाडून त्यांतून यंत्राचे हात आत घातलेले असतात. काही अंतरावर आसनावर बसलेला शल्यविशारद आतील दृश्य मोठे करून, खोलीसह पाहतो आणि हातांतील मुठी हलवितो. त्याच्या बोटांची प्रत्येक हालचाल यंत्र आत लहान प्रमाणात उतरविते आणि हाताचा कंप गाळून टाकते. थोडक्यात, ही दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचीच सुधारलेली आवृत्ती आहे. तिचे गुण खरे आहेत. पण ते अवजाराचे गुण आहेत. उत्तम पटाशीने सुतार घडत नाही.

शस्त्रक्रिया काय असते हेही रुग्णाला ठाऊक असावे. वयोमानाने वाढलेली ग्रंथी लघवीच्या मार्गाने आतून खरवडून काढतात, ती शस्त्रक्रिया निराळी. तिचा कर्करोगाशी संबंध असतोच असे नाही आणि शेजारपाजारच्यांचा 'प्रोस्टेटचा अनुभव' बहुधा तिचा असतो. कर्करोगासाठी मात्र संपूर्ण ग्रंथी वीर्यकोशांसह काढून टाकतात आणि मूत्राशयाचे तोंड पुन्हा मूत्रनलिकेला जोडतात. लघवीची नळी साधारणतः आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ ठेवावी लागते. लघवी रोखून धरणारा स्नायू या ग्रंथीच्या अगदी लगत असतो आणि लैंगिक क्षमतेशी संबंधित नसा तिला चिकटून दोन्ही बाजूंनी जातात. या नसा कोठून जातात हे ओळखून त्या वाचविण्याची पद्धत अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे डॉ. पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ साली रूढ केली. त्या काळी रोबोट नव्हता. नसा वाचविण्याचा शोध शरीररचनेच्या अभ्यासातून लागला, यंत्रातून नव्हे. पुढे २००० सालानंतर डेट्रॉईटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयात भारतात जन्मलेले डॉ. मणी मेनन यांनी यंत्राच्या साहाय्याने हीच शस्त्रक्रिया करण्याची पद्धत बसविली, तेव्हाही यश होते ते अनुभवी शल्यविशारदाच्या कसबाचे. जाहिरातीत मात्र कसब मागे जाते आणि यंत्राचे छायाचित्र पुढे येते.

पुरावा काय सांगतो

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 'दा विंची' या यंत्राला २००० साली परवानगी दिली. त्यानंतर काही वर्षांतच तेथील प्रोस्टेट कर्करोगाच्या बहुसंख्य शस्त्रक्रिया या यंत्राने होऊ लागल्या. पण जुन्या आणि नव्या पद्धतीची समोरासमोर, न्याय्य तुलना करणारी चाचणी केव्हा प्रसिद्ध झाली? २०१६ साली. म्हणजे आधी यंत्र विकले गेले, मग जग जिंकले गेले आणि सोळा वर्षांनी परीक्षा घेतली गेली.

ही परीक्षा ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरातील एका सार्वजनिक रुग्णालयात झाली आणि तिचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या नियतकालिकात आले. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे ३२६ रुग्णांचे दोन गट पाडण्यात आले. एकाची शस्त्रक्रिया पोट उघडून, दुसऱ्याची रोबोटच्या साहाय्याने. रोबोटच्या गटात रक्तस्राव पुष्कळच कमी झाला : सरासरी सुमारे १,३४० मिलिलिटरऐवजी ४४० मिलिलिटर. रुग्णालयातील मुक्कामही साधारण निम्म्यावर आला. हे लाभ खरे आहेत आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्या दोन गोष्टींची रुग्णाला रात्रंदिवस चिंता असते, त्या लघवीवरील ताबा आणि लैंगिक क्षमता, यांबाबत बारा आठवड्यांनंतर दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दोन वर्षांनंतरच्या निष्कर्षांतही तो आढळला नाही. रक्तातील पीएसए पुन्हा वाढण्याचे प्रमाण दोन वर्षांनी रोबोटच्या गटात ३ टक्के आणि उघड्या शस्त्रक्रियेच्या गटात ९ टक्के दिसले. पण शस्त्रक्रियेनंतरचे उपचार दोन्ही गटांत एकसारख्या नियमाने झालेले नसल्यामुळे या आकड्यांकडे सावधपणे पाहावे, असे संशोधकांनी स्वतःच बजावले. २०१७ साली उपलब्ध चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनेही मुक्काम कमी आणि रक्त देण्याची गरज कमी एवढाच लाभ मान्य केला. कर्करोगावर अधिक चांगला विजय मिळतो असे सांगणारा भक्कम पुरावा तिला सापडला नाही.

आता या पुराव्याशेजारी जाहिरात ठेवून पाहावी. अमेरिकेतील ४०० रुग्णालयांनी महाजालावर लोकांसाठी दिलेल्या माहितीची २०११ साली तपासणी झाली. ज्या रुग्णालयांनी रोबोटिक शस्त्रक्रियेचा उल्लेख केला होता, त्यांपैकी ७३ टक्क्यांनी यंत्र विकणाऱ्या कंपनीनेच पुरविलेला मजकूर किंवा चित्रे वापरली होती. धोक्यांचा उल्लेख किती रुग्णालयांनी केला होता? एकानेही नाही. रुग्णालय हे उपचाराचे ठिकाण राहिले नाही, ते कंपनीच्या मालाचे विक्रीकेंद्र झाले, याचा याहून स्पष्ट दाखला कोणता हवा?

अशा प्रचाराची किंमत रुग्ण केवळ पैशांत मोजीत नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना त्यांच्या समाधानाविषयी विचारले. आपल्या निर्णयाचा पश्चात्ताप करणाऱ्यांचे प्रमाण रोबोटिक शस्त्रक्रिया झालेल्यांत अधिक निघाले. नव्या तंत्राकडून वाढवून ठेवलेल्या अपेक्षा हे त्याचे कारण असावे, असे त्या संशोधकांना वाटले. चमत्काराचे आश्वासन ऐकून आलेल्या माणसाला सामान्य यशही फसवणुकीसारखे वाटते.

परीक्षेपूर्वीच विक्री करण्याची ही रीत किती घातक ठरू शकते हे स्त्रियांच्या एका शस्त्रक्रियेने दाखवून दिले आहे. गर्भाशयमुखाच्या आरंभीच्या कर्करोगासाठी लहान छिद्रांतून, म्हणजे दुर्बिणीने किंवा रोबोटने, गर्भाशय काढण्याची पद्धत अनेक देशांत रूढ झाली होती. ६३१ स्त्रियांवरील आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली बाहेर आले, तेव्हा तीन वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण जुन्या उघड्या पद्धतीत ९९ टक्के, तर नव्या पद्धतीत ९३.८ टक्के आढळले. फेब्रुवारी २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला की, कर्करोगाचा प्रतिबंध वा उपचार म्हणून या यंत्रांची सुरक्षितता आणि परिणामकारकता सिद्ध झालेली नाही. प्रोस्टेटच्या बाबतीत असा अपाय दिसलेला नाही हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु 'नवे ते अधिक चांगलेच' हे सूत्र किती पोकळ आहे, हे त्या स्त्रियांच्या प्राणांनी सिद्ध झाले आहे.

हात कोणाचा?

यंत्राचे समर्थक ब्रिस्बेनच्या चाचणीवर एक आक्षेप घेतात. दोन्ही गटांसाठी एकेकच शल्यविशारद होता आणि रोबोट चालविणाऱ्याचा अनुभव उघडी शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या मानाने पुष्कळ कमी होता. अनुभव समान असता तर रोबोट सरस ठरला असता, असे त्यांचे म्हणणे. हा आक्षेप मान्य करू या. पण तो मान्य केल्याबरोबर जाहिरातीचा पायाच ढासळतो. कारण मग निकाल ठरविते कोण? यंत्र नव्हे, यंत्रामागचा माणूस आणि त्याने पूर्वी केलेल्या शस्त्रक्रियांची संख्या.

या गोष्टीला आकड्यांचा आधार आहे. अमेरिकेतील ७२ शल्यविशारदांनी पोट उघडून केलेल्या ७,७६५ शस्त्रक्रियांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी पूर्वी अवघ्या दहा शस्त्रक्रिया केल्या होत्या त्यांच्या रुग्णांत पाच वर्षांत रोग परतण्याची शक्यता १७.९ टक्के निघाली. अडीचशे केलेल्यांच्या रुग्णांत ती १०.७ टक्क्यांवर आली. यंत्र कोणते याने पडणाऱ्या फरकाचा पुरावा धूसर आहे. हात कोणाचा याने पडणारा फरक असा ढळढळीत आहे. तरीही फलकावर यंत्राचे नाव असते, शस्त्रक्रियांची संख्या नसते.

वॉशिंग्टन राज्यातील एक खटला या संदर्भात प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावा. २००८ साली एका शल्यविशारदाने देखरेखीखाली दोन शस्त्रक्रिया केल्यानंतर देखरेखीविना पहिलीच रोबोटिक प्रोस्टेट शस्त्रक्रिया केली. आरंभीच्या काळात स्थूल रुग्ण निवडू नयेत असे कंपनीच्याच प्रशिक्षणात सांगितले होते. हा रुग्ण मात्र स्थूल होता. शस्त्रक्रिया अखेर पोट उघडून पुरी करावी लागली, गुदाशयाला इजा झाली आणि नंतरच्या गुंतागुंतींनी ग्रासलेला तो रुग्ण चार वर्षांनी मरण पावला. २०१३ साली ज्यूरीने कंपनीच्या बाजूने कौल दिला. २०१७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करून फेरसुनावणीचा आदेश दिला. यंत्राचे धोके ते विकत घेणाऱ्या रुग्णालयालाही सांगणे हे कंपनीचे कर्तव्य आहे, असे न्यायालय म्हणाले. रुग्णालयाला सावध करण्याचे कर्तव्य जर कंपनीवर आहे, तर रुग्णाला सावध करण्याचे कर्तव्य रुग्णालयावर नाही काय?

ब्रिटनमध्ये सार्वजनिक आरोग्यसेवा कितीही खिळखिळी करण्यात आलेली असली, तरी नियोजनाचा विचार अद्याप शिल्लक आहे. तेथील 'नाइस' या संस्थेने २०१४ साली असे सुचविले की, वर्षाला किमान १५० रोबोटिक प्रोस्टेट शस्त्रक्रिया होतील अशाच केंद्रांत हे यंत्र ठेवावे. तरच खर्च परवडतो. आपल्याकडे यंत्र कोठे बसते हे रोग्यांची संख्या ठरवीत नाही. शेजारच्या रुग्णालयाने घेतले, म्हणून याने घेतले, अशी ही स्पर्धा आहे. मग थोड्या रुग्णांत अनेक यंत्रे वाटली जातात, कोणाचाच हात पुरेसा बसत नाही आणि प्रत्येकाचा खर्च मात्र वसूल व्हावा लागतो.

शस्त्रक्रिया हवीच काय?

'कोणती शस्त्रक्रिया?' या प्रश्नाच्या आधीचा प्रश्न 'शस्त्रक्रिया हवीच काय?' हा आहे आणि बाजाराला तो सर्वाधिक गैरसोयीचा आहे. प्रोस्टेटचे पुष्कळसे कर्करोग अत्यंत मंद गतीने वाढतात. ब्रिटनमध्ये आरंभीच्या अवस्थेतील १,६४३ रुग्णांचे तीन गट करण्यात आले : एकावर शस्त्रक्रिया, दुसऱ्यावर किरणोपचार, आणि तिसऱ्यावर नियमित तपासण्यांचे लक्ष ठेवून गरज पडल्यासच उपचार. पंधरा वर्षांनी, २०२३ साली, निष्कर्ष आले. या कर्करोगाने दगावलेल्यांचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात २.२ टक्के, किरणोपचारांच्या गटात २.९ टक्के आणि लक्ष ठेवण्याच्या गटात ३.१ टक्के होते. एवढ्या फरकावरून एक मार्ग दुसऱ्याहून अधिक प्राण वाचवितो असे म्हणता येत नाही. रोग शरीरात अन्यत्र पसरण्याचे प्रमाण मात्र लक्ष ठेवण्याच्या गटात ९.४ टक्के आणि शस्त्रक्रियेच्या गटात ४.७ टक्के होते, आणि त्या गटातील निम्म्याहून अधिक जणांना पुढे केव्हातरी उपचार घ्यावे लागले. म्हणजे हा मार्ग फुकटचा नाही. पण शस्त्रक्रियाही फुकटची नाही. त्याच चाचणीत शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी ४६ टक्के पुरुषांना लघवीसाठी पॅड वापरावे लागत होते, सहा वर्षांनंतरही १७ टक्क्यांना. आणि समागमास पुरेशी ताठरता आरंभी ६७ टक्क्यांत होती ती सहा महिन्यांनी १२ टक्क्यांवर आली. यांतील बहुतेक शस्त्रक्रिया जुन्या पद्धतीच्या होत्या हे खरे. पण ब्रिस्बेनची चाचणी याच बाबतीत रोबोटचे वेगळेपण दाखवू शकलेली नाही, हे वर आलेच आहे.

याचा अर्थ शस्त्रक्रिया निरुपयोगी असा कोणी काढू नये. स्कँडिनेव्हियातील ६९५ रुग्णांच्या चाचणीत, जेथे रोग बहुतांशी लक्षणांवरून उघड झालेला होता, शस्त्रक्रियेने आयुष्य सरासरी सुमारे तीन वर्षांनी वाढल्याचे २०१८ साली दिसून आले. मध्यम किंवा अधिक धोक्याचा, पण ग्रंथीपुरता मर्यादित रोग असलेल्या आणि अन्यथा धडधाकट माणसाला शस्त्रक्रिया लाभते. उलट आपल्या देशात कित्येक रुग्ण रोग हाडांत पसरल्यावरच डॉक्टरांपर्यंत पोचतात. त्यांच्यासाठी मुख्य उपचार पुरुषी संप्रेरके रोखण्याचा असतो. तो इंजेक्शने-गोळ्यांनी होतो किंवा वृषणे काढण्याच्या लहानशा, स्वस्त शस्त्रक्रियेनेही होतो. या उपचाराचा पाया १९४१ साली चार्ल्स हगिन्स यांनी घातला आणि त्यासाठी त्यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. गरीब रुग्णाच्या खऱ्या उपयोगाचे ते ज्ञान आहे; पण त्याची जाहिरात करण्यात कोणाचाच नफा नाही, म्हणून ती होत नाही.

पैशाचा माग

हे यंत्र कोठून आले? त्याच्या मुळाशी असलेले संशोधन अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या, म्हणजे तेथील करदात्यांच्या, पैशावर झाले. रणांगणावरील जखमी सैनिकावर दूर बसून शस्त्रक्रिया करता यावी ही त्यामागील कल्पना होती. १९९५ साली स्थापन झालेल्या इंट्युइटिव्ह सर्जिकल या कंपनीने त्या संशोधनाचे हक्क मिळविले. २००३ साली तिने आपली प्रमुख प्रतिस्पर्धी कंपनी, जिच्याशी तिचे पेटंटांचे खटले चालू होते, स्वतःत विलीन करून घेतली आणि पुढे जवळजवळ दोन दशके या बाजारात तिला तुल्यबळ स्पर्धक उरला नाही. संशोधनाची जोखीम समाजाची, नफा भागधारकांचा, आणि मक्तेदारीची किंमत रोग्याची, हे भांडवलशाहीचे परिचित गणित येथेही चुकलेले नाही.

२०१० साली अमेरिकेत एका यंत्राची किंमत दहा ते पंचवीस लाख डॉलर होती. आणि किंमत येथे थांबत नाही. यंत्राच्या हातांना लावायच्या अवजारांत वापर मोजणारी चिप असते. ठरलेल्या संख्येइतका वापर झाला की अवजार धड असले तरी यंत्र ते स्वीकारीत नाही. नवे विकत घ्यावे लागते. दीर्घकाळ ही मर्यादा बहुतेक अवजारांना दहा वापरांची होती. २०२० साली कंपनीनेच काही अवजारांची मर्यादा बारा ते अठरा वापरांपर्यंत वाढविली. दरवर्षी नवे बियाणे विकत घ्यावे लागणाऱ्या शेतकऱ्याला हा व्यवहार समजावून सांगण्याची गरज पडू नये. २०२४ साली या कंपनीचे उत्पन्न सुमारे ८३५ कोटी डॉलर होते आणि त्यातील चार-पंचमांशाहून अधिक वाटा अवजारे, देखभाल आणि भाडे अशा पुन:पुन्हा येणाऱ्या पैशाचा होता. २०१० सालच्या एका अमेरिकी अंदाजानुसार, यंत्राची किंमत धरल्यास प्रत्येक शस्त्रक्रियेमागे सुमारे ३,२०० डॉलर अधिक पडत. गुरुग्राममध्ये 'मंत्र' हे भारतीय बनावटीचे यंत्रही आता तयार होते. त्याने स्पर्धा वाढेल, कदाचित किंमतही उतरेल. परंतु यंत्रावरील नाव बदलल्याने नफ्याचा तर्क बदलत नाही.

तो तर्क असा : कोटींचे यंत्र रिकामे राहू शकत नाही. अमेरिकेत २००१ ते २००५ या काळात यंत्र घेतलेल्या रुग्णालयांतील प्रोस्टेट शस्त्रक्रिया वाढल्या आणि न घेतलेल्यांतील घटल्या. रोगी तेवढेच होते. यंत्राने त्यांना ओढून घेतले. जो रुग्ण लक्ष ठेवून थांबू शकतो, त्याला थांबा म्हणण्यात यंत्राच्या मालकाचा तोटा आहे. डॉक्टर कितीही सज्जन असला तरी त्याच्या सल्ल्यावर या हप्त्यांची सावली पडते. हा व्यक्तीच्या नीतीचा प्रश्न नाही, व्यवस्थेचा आहे.

आपल्याकडे मध्यमवर्गीय माणूस विम्यावर विसंबतो. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली रोबोटिक शस्त्रक्रियेसह काही आधुनिक उपचार विम्याबाहेर ठेवता येणार नाहीत असा नियम केला हे चांगले झाले. पण त्याच नियमाने कंपन्यांना अशा उपचारांवर वेगळी मर्यादा घालण्याची मुभाही दिली. २०२० साली आणलेल्या 'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित पॉलिसीत ही मर्यादा विम्याच्या रकमेच्या निम्मी ठेवण्यात आली. पाच लाखांची पॉलिसी असलेला माणूस निश्चिंत मनाने दाखल होतो आणि रोबोटसाठी अडीच लाखच मिळणार हे त्याला बिल हाती पडल्यावर कळते. तोवर पोटावरचे टाकेही सुकलेले नसतात.

कार्यकर्त्यांचे काम

कार्यकर्ता नेहमीच रोग्याबरोबर रुग्णालयात जातो. रक्ताची बाटली मिळवितो, बिल कमी करण्यासाठी भांडतो. ते काम मोलाचे आहे. पण भांडण बिलाच्या वेळी सुरू होते तेव्हा फार उशीर झालेला असतो. ते सल्ल्याच्या वेळी सुरू झाले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालच्या निकालात हे निःसंदिग्धपणे सांगितले आहे की, उपचाराचे स्वरूप, त्याला असलेले पर्याय आणि धोके यांची पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमती हीच खरी संमती. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्ण हक्क सनदेत माहितीचा, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा आणि तपशीलवार बिलाचा हक्क नमूद आहे. महाराष्ट्रातील शुश्रूषागृहांच्या २०२१ सालच्या सुधारित नियमांनी रुग्ण हक्कांची सनद रुग्णालयात लावणे बंधनकारक केले आहे. कागदावरील हा हक्क बोलता करण्याचे काम चळवळीचे आहे.

म्हणून रुग्णाने आणि त्याच्या सोबत्याने पुढील प्रश्न निर्भयपणे विचारावेत. रोग ग्रंथीपुरता आहे की पसरला आहे, आणि बायोप्सीतील ग्लीसन गुणांक किती? कमी धोक्याचा रोग असल्यास लक्ष ठेवून थांबणे शक्य आहे काय? किरणोपचार तेवढेच परिणामकारक ठरतील काय, आणि त्यांविषयी किरणोपचारतज्ज्ञाचे वेगळे मत मिळेल काय? शस्त्रक्रिया स्वतः कोण करणार, आणि त्या व्यक्तीने या पद्धतीने आजवर किती व गेल्या वर्षात किती शस्त्रक्रिया केल्या? त्यांच्या रुग्णांपैकी किती जणांना वर्षानंतरही पॅड वापरावे लागते? रोबोटविना हीच शस्त्रक्रिया येथे होते काय, आणि दोहोंच्या खर्चात नेमका फरक किती? विम्याची किंवा शासकीय योजनेची मर्यादा कोठे संपते? या प्रश्नांनी चांगला डॉक्टर रागावत नाही. जो रागावतो त्याच्या रागातच उत्तर मिळते. निर्णयासाठी आठवडाभर घेण्यात बहुधा धोका नसतो. 'उद्याच दाखल व्हा' या घाईचे कारण विचारून घ्यावे.

वैयक्तिक सावधगिरीने मात्र व्यवस्था बदलत नाही. त्यासाठी मागण्या कराव्या लागतील. प्रत्येक केंद्राने आणि शल्यविशारदाने केलेल्या शस्त्रक्रियांची संख्या व परिणाम दरवर्षी जाहीर झाले पाहिजेत. प्रदेशातील रोग्यांची संख्या पाहूनच अशी यंत्रे बसविण्यास परवानगी मिळाली पाहिजे. दिल्लीच्या एम्समध्ये आणि मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात ही यंत्रे आहेतच. सार्वजनिक पैशातून यंत्र घेतले जाईल तेव्हा अवजारांच्या किमती, वापराच्या मर्यादा आणि देखभालीचे करार जनतेसमोर यावेत, आणि यंत्रावरील जागा पैशाच्या नव्हे, गरजेच्या क्रमाने मिळाव्यात. तरुण शल्यविशारदांना उघडी शस्त्रक्रियाही शिकविली गेली पाहिजे. यंत्र बंद पडले किंवा तालुक्याच्या गावी ते नसले, म्हणून हात थिजून जाणारी पिढी निर्माण करणे म्हणजे एका कंपनीच्या हाती देशाचे वैद्यकच गहाण टाकणे होय. आणि यंत्रावर कोट्यवधी खर्च करण्यापूर्वी जिल्हा रुग्णालयांत मूत्ररोगतज्ज्ञ, बायोप्सीची सोय आणि किरणोपचाराची केंद्रे असली पाहिजेत. कारण उशिरा पोचणाऱ्या रोग्याला कोणताही रोबोट वाचवू शकत नाही.

यंत्राने रक्त कमी सांडते, माणूस लवकर घरी जातो. तेवढे श्रेय त्याला जरूर द्यावे. त्याहून अधिक जे काही त्याच्या नावावर विकले जाते ते पुराव्यावर तपासून घ्यावे. खाटेवर पडलेल्या माणसाला हे एकट्याने जमणार नाही. त्याच्या शेजारी जाणता कार्यकर्ता उभा असला पाहिजे, आणि सहीपूर्वी उभा असला पाहिजे.